राहिलेलं अर्धं भाषण

मागं एकदा पुण्याहून वर्तमानपत्राचा एक पोरगा आला होता. शिनोलीच्या फाट्यावर कुणीतरी त्याला माझं घर सांगितलं असावं. मी नुकताच निवृत्त झालो होतो, दुपारी झोपायची सवय लागत होती, आणि हा गडी बरोबर अडीच वाजता दारात उभा. त्याला आमच्या साहेबांवर लिहायचं होतं. साहेब म्हणजे आमच्याच गावचा मुलगा. त्याची सभा झाली की गावात दोन दिवस पोलिसांची गाडी थांबते आणि त्याची भाषणं पोरं मोबाइलमध्ये भरून घेऊन ऐकतात. पोरानं वही उघडली आणि विचारलं, माणूस इतका टोकाचा होतो कसा? घरचे संस्कार, शाळा, की एकूण देशाचीच हवा तशी?

मी त्याला चहा पाजला. साहेब लहानपणापासून हुशार, वाचनाची आवड, आईवडील कष्टाळू, असं काहीबाही सांगितलं. त्यानं ते सगळं लिहून घेतलं. जाताना पाया पडला, मी तोंडभर आशीर्वाद दिला आणि आत येऊन पुन्हा आडवा झालो. झोप मात्र आली नाही. त्याला द्यायला हवं होतं ते उत्तर आता लिहितो आहे. साहेबांचं नाव लिहीत नाही, गावाचं नाही, माझंही नाही. नावं आली की लोक नावांवरून भांडत बसतात, आणि मला आता भांडायचा कंटाळा आलाय.

मी मूळचा बोरी बुद्रुकचा. नव्वदीच्या सुरुवातीला आंबेगाव तालुक्यातल्या या गावात हायस्कूलला मराठीचा शिक्षक म्हणून लागलो आणि इथलाच झालो. मराठीच्या मास्तराला शाळेत एक काम न सांगता चिकटतं, ते म्हणजे भाषणं. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, पुण्यतिथ्या, जयंत्या आणि वर्षातून तीन-चार वक्तृत्व स्पर्धा. भाषण लिहायचं मास्तरानं, पाठ करायचं पोरानं, आणि बक्षीस लावायचं शाळेच्या कपाटात. सगळ्या शाळांत असंच चालायचं आणि सगळ्यांना ते माहीत असायचं. परीक्षकसुद्धा दुसऱ्या शाळांतले आमच्यासारखेच मास्तर. कुणाचं भाषण कुठल्या मास्तरानं लिहिलंय ते पहिल्या दोन वाक्यांत ओळखू यायचं.

परीक्षकांच्या कागदावर पाच रकाने असायचे. विषयाची मांडणी, पाठांतर, उच्चार, हावभाव आणि आवेश. आवेशाला वेगळे गुण! मी स्वतः कितीतरी वर्षं हा कागद भरला आहे. समजुतीनं, हळू आवाजात बोलणारं पोरगं मांडणीत पुढं असायचं आणि आवेशात मार खायचं. शेवटी बेरजेत मागं पडायचं. विचार कशाला म्हणतात ते आमच्या कागदाला कधी विचारायचंच नव्हतं, आणि आम्हीही कधी तो रकाना घाला म्हटलं नाही.

हा मुलगा आठवीत माझ्या वर्गात आला तेव्हा मागच्या बाकावर बसायचा. तोंडातून शब्द निघायचा नाही. त्याचं घर जमीनदार भाऊबंदांतलं, पण त्याच्या बापाच्या वाट्याला उतारावरचा तुकडा आलेला. बाप स्वभावानं गरीब. भाऊबंद दरवर्षी नांगरताना बांध हातभर इकडं सरकवायचे आणि तो खाली मान घालून बघत बसायचा. एकदा बांधावर मोठा तंटा झाला, मीही रस्त्यानं चाललो होतो म्हणून थांबलो. चुलते बापाला वाटेल तसं बोलत होते, चार लोक हसत होते, आणि हा पोरगा दप्तर पाठीला तसंच ठेवून बघत होता. तेवढ्यात त्याचा आजा काठी टेकत आला. भांडणाऱ्यांना काही बोलला नाही. नातवाकडं वळून म्हणाला, “तुज्या बापाला तोंड न्हाई. तुला तरी हाये का रं?”

आजा वाईट माणूस होता असं नाही. आमच्याकडं सगळे असेच. मी चौथीत असताना एकदा एका पोराचा मार खाऊन घरी गेलो तर माझ्या वडलांनी मला अंगणातच उभं केलं. त्याला हाणून ये, मग भाकरी मिळंल, म्हणाले. आई आतून बघत होती. मी गेलो, त्या पोराला हाणलं नाही, ओढ्याकाठी बसलो आणि हाणलं असं खोटं सांगून जेवलो. हात उचलायची हिंमत मला पुढंही कधी आली नाही. म्हणून की काय, मी हाणणारी वाक्यं लिहायला लागलो. आमच्या मुलखात ज्याला बोलता येतं त्याला वाट देतात आणि ज्याला ओरडता येतं त्याला खुर्ची देतात. हे मला वयाच्या दहाव्या वर्षी कळलं होतं आणि त्या पोराला त्या दिवशी बांधावर कळलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, सर, मला भाषण द्या. मला त्याचं लई कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू, आपल्या हातून एक मुकं पोर बोलतं होणार या विचारानं मी हुरळून गेलो होतो.

विषय होता देश आणि आजचा तरुण. मी तीन संध्याकाळ बसून भाषण लिहिलं. आयुष्यात लिहिलेलं तेवढंच एक भाषण मला अजून बरं वाटतं. आमच्याकडं पारावर बसलेली म्हातारी माणसं रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही पोराला हटकतात, कुणाचा रं तू? पोरानं बापाचं नाव सांगितलं की मग त्याला कुठल्या खात्यात टाकायचं ते ठरतं. तो सवाल मी उचलला आणि देशाच्या तोंडी घातला. ज्याच्या ताटात या मातीचं अन्न, ज्याच्या घशात या मातीचं पाणी, आणि तरी ज्याच्या मनात या मातीची ओढ नाही, त्याला माझा एकच सवाल आहे. तू कुणाचा? असं तीनदा यायचं, प्रत्येक वेळी आवाज चढवत.

पण हे झालं पहिलं अर्धं. दुसऱ्या अर्ध्यात पोरगं आवाज खाली आणायचं आणि म्हणायचं, मित्रांनो, हा सवाल मी सगळ्या गावाला विचारून घरी आलो आणि आरशापुढं उभा राहिलो. तिथून तो सवाल स्वतःकडं वळायचा. रांगेत मधेच घुसणारा मी कुणाचा? शेजाऱ्याचा बांध कोरणारा मी कुणाचा? बांधाचं वाक्य मी त्या पोरासाठी मुद्दाम घातलं होतं. शेवट असा होता की, ज्याला हा सवाल आधी स्वतःला विचारता येतो, त्यालाच तो दुसऱ्याला विचारायचा हक्क आहे. भाषणाचा जीव त्या उरलेल्या अर्ध्यात होता. पहिलं अर्धं फक्त लोकांचं लक्ष वेधायला.

सराव चालायचा टेलरच्या दुकानात. स्टँडसमोर ग्रामपंचायतीचे गाळे आहेत, त्यातल्या कोपऱ्यावरच्या गाळ्यात टेलर बसायचा. सगळं गाव त्याला टेलरच म्हणायचं, मी भाई म्हणायचो. गावात मुसलमानांची पाच-सहा घरं, त्यातलं एक त्याचं. त्याचा आजा जुन्नरहून इथं आला आणि तेव्हापासून हे लोक गावाचे कपडे शिवत होते. बोलणं आमच्यासारखंच, उलट माझ्यापेक्षा जास्त इथलं. शाळा सुटली की मी त्याच्या दुकानात चहाला जायचो. पोराला स्पर्धेसाठी पांढरा सदरा शिवायचा होता म्हणून त्यालाही बरोबर नेलं. टेलर माप घेता घेता म्हणाला, म्हण की रं तुजं भाषण, आमालाबी ऐकू दे. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिथंच उजळणी व्हायला लागली. पोरगं बाकावर उभं राहून हातवारे करायचं, टेलर मशिनचं पायडल थांबवून ऐकायचा आणि कुठं अडलं की पुढचा शब्द सांगायचा. पंधरा दिवसांत त्याला पोराच्या आधी पाठ झालं.

स्पर्धा जुन्नरला होती. एसटीनं गेलो. हॉल गच्च भरलेला, पंचवीसेक शाळा. वेळ पाच मिनिटं, चार मिनिटं झाली की इशाऱ्याची घंटा. आमचा मुलगा उभा राहिला आणि पहिल्या वाक्यापासून हॉल गप्प झाला. तो जे बोलत होता ते माझं होतं, पण तो बोलत होता बांधावर हसणाऱ्या त्या चार लोकांशी. तिसऱ्यांदा तू कुणाचा आलं आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेनात. कुणी शिट्टी वाजवली, मागच्या पोरांनी बाकं बडवली. टाळ्या विरायला लागल्या आणि बरोबर तेव्हाच इशाऱ्याची घंटा झाली.

पोरगं गडबडलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मी मान हलवून पुढं म्हण असं सांगायला हवं होतं, अजून एक मिनिट होतं आणि राहिलेलं अर्धं घाईनं का होईना, एका मिनिटात बसलं असतं. मी काहीच केलं नाही. टाळ्यांनी मलाही चढली होती. त्यानं जय हिंद म्हटलं आणि खाली उतरला. पुन्हा टाळ्या.

पहिला नंबर आला. फिरती ढाल मांडीवर घेऊन आम्ही परतीच्या एसटीत बसलो. घोडेगाव येईपर्यंत पोरगं खिडकीबाहेर बघत होतं. मग हळूच म्हणालं, “सर, पुढचं राह्यलं.”

मी म्हणालो, “राहू दे रे. नंबर आला ना.”

एवढंच माझं वाक्य. तीन वर्षं मी त्या पोराला व्याकरण शिकवलं, वृत्तं शिकवली, निबंध कसा लिहावा ते शिकवलं. त्याच्या लक्षात एवढंच राहिलं असणार. आणि मी तिथंच थांबलो नाही. पुढच्या स्पर्धेच्या आधी मी स्वतः वहीतलं दुसरं अर्धं काट मारून काढून टाकलं आणि पहिलंच फुगवून पाच मिनिटांचं केलं. मंचर, नारायणगाव, राजगुरुनगर, जिथं गेलो तिथून ढाल आणली. दुकानात सराव करताना टेलर पहिल्यांदा म्हणाला, आवं, ते आरशाचं कुठं गेलं? मी म्हटलं वेळेत बसत नाही. तो बरं म्हणाला आणि पायडल मारायला लागला.

नव्वदीच्या शेवटाला सीमेवर लढाई पेटली. तोवर हा मुलगा कॉलेजात गेला होता. गावात मदतफेरी निघाली, शाळेची पोरं डबे घेऊन घरोघर फिरली, टीव्हीवर दिवसभर तेच, आणि टीव्हीवरची हिंदी वाक्यं पोरांच्या तोंडात बसली. चौकात सभा झाली. मुलाला बोलायला उभं केलं. तेच भाषण, फक्त आता समोर मास्तर नव्हते, गाव होतं. तू कुणाचा म्हणताना त्याचा हात वर गेला आणि योगायोगानं म्हणा नाहीतर कसंही म्हणा, त्याचं बोट स्टँडच्या दिशेला होतं. लोकांनी माना वळवून गाळ्यांकडं बघितलं. दोन क्षणच, जास्त नाही. टेलर दुकानाच्या पायरीवर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

त्या टाळ्यांचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मी इतका वेंधळा की मला ते कौतुकाचं वाटलं. क्रिकेटची मॅच असली की पोरं मुद्दाम टेलरच्या दुकानात रेडिओ घेऊन बसायची आणि विकेट पडली की आधी त्याच्या तोंडाकडं बघायची. भारत जिंकला की गावात पहिला फटाका त्याच्या दुकानापुढं वाजायचा, कारण फटाके तो दोन दिवस आधीच आणून ड्रॉवरमध्ये ठेवायचा. मी घरी बायकोला सांगायचो, बघ, केवढं प्रेम आहे. ती म्हणायची, तुम्ही कधी आणून ठेवलेत का आधी? मी म्हणायचो, मला कशाला लागतात?

पुढं मुलाचा साहेब झाला. कसा झाला ते सांगायला नको, सगळीकडं तसेच होतात. आधी मंडळ, मग मोर्चा, मग एक केस, मग फ्लेक्स. पंचविशी ओलांडली नाही तोवर तालुक्याबाहेरची माणसं त्याला बोलवायला लागली. पेठपासून नारायणगावपर्यंत हायवेवर त्याचे फोटो लागायचे. मी त्याच्या सभांना मागं उभा राहून ऐकायचो. आवाज कधी चढवायचा, कुठं थांबायचं, डावा हात कधी पाठीमागं घ्यायचा, सगळं मी बाकावर उभं करून शिकवलेलं. शब्द तेवढे रांगडे झाले होते. नवीन एक वाक्य आलं होतं, आपल्या पेठेत आपलीच माणसं. त्या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडायच्या. तो मुद्दाम वाईट करतो आहे असं मला कधी वाटलं नाही. त्याला लहानपणापासून एकच गोष्ट बरोबर म्हणून शिकवली होती. आज्यानं शिकवली, मी शिकवली, हॉलमधल्या लोकांनी शिकवली, टीव्हीनं शिकवली. ती तो मन लावून करत होता.

माझ्या निवृत्तीचं वर्ष आलं आणि त्याच महिन्यात ग्रामपंचायतीनं ठरवलं की गाळे नव्यानं वाटायचे, गावातल्याच माणसांना. टेलरकडं गावातला असल्याचा पुरावा मागितला. त्याच्या आज्याचा गावाच्या दप्तरात कुठं उल्लेख सापडेना. चाळीस वर्षं ज्यांच्या लग्नाचे कोट त्यानं शिवले ती माणसं त्याला सांगत होती, आमच्या हातात काय न्हाई, वरून दबाव हाय. ग्रामसभा सोमवारी होती. आणि रविवारी संध्याकाळी साहेबांची सभा, तिच्यातच माझा सेवापूर्तीचा सत्कार.

टेलर माझ्याकडं आला तेव्हा मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो. खुर्ची पुढं केली तर बसला नाही. त्याला कमी लेखून घेणं जमत नसे, पण त्या दिवशी तो उभाच राहिला. म्हणाला, “सर, म्या कुनाला काय मागत न्हाई. तुमी फकस्त येक शब्द टाका. तुमचं ऐकत्यात ते.”

मी म्हणालो, एक शब्द कशाला, माईकवरून सगळ्या गावासमोर बोलतो. सत्काराला उत्तर द्यायला मला उभं करणारच आहेत. ते राहिलेलं अर्धं आहे ना, आरशाचं, तेच म्हणतो आणि शेवटी तुझं नाव घेतो. मी हे मनापासून बोललो होतो. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मग माझं माप घेतलं आणि शनिवारी नवा पांढरा सदरा आणून दिला. सभेला हाच घाला म्हणाला.

सभेच्या आधी साहेब मला शाळेच्या ऑफिसात भेटला. वाकून पाया पडला. मी टेलरचा विषय काढला. त्याला तू म्हणू की तुम्ही तेच मला ठरवता येईना, त्यात निम्मं बोलणं गेलं. त्यानं शांतपणे ऐकलं. म्हणाला, टेलर देवमाणूस आहे सर, माझा पहिला सदरा त्यानंच शिवला, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. मग म्हणाला, “पण सभेत असा एकेक माणूस कुठं सांगत बसू? तेवढा वेळ लोक देत न्हाईत.”

घंटा वाजते, एवढंच त्यानं म्हणायचं बाकी होतं. मी मनात म्हटलं, ठीक आहे, तू नको सांगूस, मी सांगतो.

स्टेजवर मला मधल्या खुर्चीत बसवलं. शाल, श्रीफळ, फेटा. साहेबानं भाषण सुरू करायच्या आधी माझ्याकडं हात केला आणि म्हणाला, मी जे काही बोलतो ते या माणसानं मला दिलं. गावानं टाळ्या वाजवल्या. त्याचं बोलणं पाऊण तास चाललं. मग मला माईकपुढं उभं केलं. समोर सगळं गाव, माझे तीस वर्षांचे विद्यार्थी, पोरंबाळं कडेवर घेतलेल्या बायका. स्टँडकडं नजर गेली. टेलरच्या दुकानात दिवा होता आणि तो पायरीवर बसला होता.

दुसऱ्या अर्ध्याकडं जायचं तर पहिलं म्हणावं लागणार, नाहीतर आरसा कशाचा ते लोकांना कळणार कसं? म्हणून मी पहिल्यापासून सुरू केलं. साहेब मागून खुशीत हसला, त्यानं ओळखलं. माझा आवाज गेली कित्येक वर्षं वर्गात फाटका झाला होता, पण त्या दिवशी कुठून आला कोण जाणे. ज्याच्या ताटात या मातीचं अन्न. गाव गप्प झालं. पहिलं तू कुणाचा म्हटलं आणि पोरं उठून उभी राहिली. दुसरं म्हटलं. तिसरं म्हटलं आणि टाळ्या फुटल्या. शिट्ट्या, घोषणा. मी तीस वर्षं दुसऱ्यांना टाळ्या मिळवून दिल्या होत्या. माझ्या स्वतःच्या नावावर अशा टाळ्या आयुष्यात पहिल्यांदा पडत होत्या. वडलांनी अंगणात उभं केलेलं ते पोरगं माझ्या आत कुठंतरी अजून होतं, त्याला जणू आता घरात घेतलं.

टाळ्या ओसरल्या. मी माईकपुढं उभा होतो. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. मित्रांनो, हा सवाल घेऊन मी घरी आलो. मला कुणी अडवलं नाही, कुणी घंटा वाजवली नाही, सूत्रसंचालकानंही चिठ्ठी पाठवली नाही. मी समोरच्या तोंडांकडं बघितलं. ती इतकी खूश होती. आता आवाज खाली आणला की ती तोंडं उतरणार, हे मला माहीत होतं. मी हात जोडले. जय हिंद म्हटलं आणि खुर्चीवर येऊन बसलो.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही. भीती वाटली असं म्हटलं असतं तर सोपं होतं, पण मला भीती वाटली नव्हती. मला बरं वाटलं होतं.

सोमवारी ग्रामसभा झाली आणि कोपऱ्यावरचा गाळा दुसऱ्याला गेला. कुणी भांडलं नाही, कुणी आरडाओरडा केला नाही, हात वर झाले आणि पाच मिनिटांत विषय संपला. मी गेलो नव्हतो. बायकोनं चहा समोर ठेवला आणि आत गेली.

मंगळवारी सकाळी मी स्टँडवर गेलो. टेलरनं टेम्पो बोलावला होता. मंचरला मेव्हण्याच्या दुकानात एक कोपरा मिळाला होता, तिकडं चालला होता. कपड्यांचे गठ्ठे आधीच चढवले होते. मशिन खाली रस्त्यावर होतं आणि तो ते गोणपाटात गुंडाळत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. शेवटी म्हणालो, भाई, काल परवा माझ्या हातून…

त्यानं मान वर केली नाही. गोणपाटाची कड आत खोवत तो बोलायला लागला. त्याच्या नेहमीच्या बोलीत नाही, शाळेच्या मराठीत, त्या पोराच्या चालीवर, जिथं पोरगं श्वास घ्यायचं तिथंच श्वास घेत.

“मित्रांनो, हा सवाल मी सगळ्या गावाला विचारून घरी आलो आणि आरशापुढं उभा राहिलो. रांगेत मधेच घुसणारा मी कुणाचा? शेजाऱ्याचा बांध कोरणारा मी कुणाचा?”

एकही शब्द चुकला नाही. शेवटपर्यंत म्हटलं. टेम्पोचा ड्रायव्हर तंबाखू मळता मळता थांबून ऐकत होता, त्याला काही कळत नव्हतं. समोरच्या हॉटेलातल्या दोघांनी इकडं बघितलं आणि परत चहा प्यायला लागले. टाळ्या वाजवायला तिथं कुणी नव्हतं.

भाषण संपल्यावर त्यानं दोरी मशिनखालून ओढून घेतली आणि एक टोक माझ्याकडं केलं.

“सर, येवढं धरा. गाठ मारायचीय.”

मी त्यानं शिवलेला सदराच घालून आलो होतो. टोक धरून उभा राहिलो. त्यानं गाठ आवळली, ओढून बघितली, आणि मशिन उचलायला ड्रायव्हरला हाक मारली.